ब्लॉक की चार्ज? दर सामन्यात तोच वाद होत असेल तर काय तपासायचं

रिंगखाली दोन मुलं धडकतात, एक आडवा होतो, शिट्टी वाजते आणि दोन्ही बाकांवरून एकदम ओरडा सुरू होतो. बचाव करणाऱ्याने बेकायदा वाट अडवली असेल तर फाउल त्याचा, तो ब्लॉक; हल्ला करणारा त्याच्यावर जाऊन आदळला असेल तर फाउल हल्ला करणाऱ्याचा, तो चार्ज. इंदूरमधल्या शाळांच्या आणि कॉलन्यांच्या बास्केटबॉल स्पर्धांमध्ये मी सतरा वर्षं पंच म्हणून उभी राहते आहे. नवे पंच माझ्याकडे येतात ते बहुतेक हीच तक्रार घेऊन: "ताई, ट्रॅव्हल दिसतं, तीन सेकंद कळतात, पण ब्लॉक-चार्ज आला की पोटात गोळा येतो." मग मी त्यांचा एखादा सामना कोर्टाबाहेर बसून बघते. बिघाड जवळजवळ दरवेळी एकाच जागी सापडतो. निर्णय धडकेच्या क्षणी चुकत नाही, तो त्याआधीच्या सेकंद-दीड सेकंदात बिघडलेला असतो. तेव्हा पंच चुकीच्या जागी उभा असतो, नाहीतर चुकीच्या खेळाडूकडे बघत असतो.

लक्षणं

शिट्टी वाजवून झाल्यावर तुम्ही आठवायला लागता की नेमकं झालं काय. हे सगळ्यांत खात्रीचं लक्षण. जो पडला त्याच्या बाजूने निर्णय आपोआप जातो, हे दुसरं. तिसरं म्हणजे डोळ्यांच्या आधी कान निर्णय घेतात: छातीवर काहीतरी धप्पकन आदळलं, कोणीतरी किंचाळलं, की शिट्टी.

काही लक्षणं सामना संपल्यावर कळतात. सामनाभर तुम्ही एकही चार्ज दिलेला नसतो, सगळे ब्लॉकच. किंवा एकाच धडकेवर तुमचे हात कमरेवर (ब्लॉकचा इशारा) आणि सोबतच्या पंचाची मूठ तळहातावर (चार्जचा). किंवा वाद सगळे एकाच रिंगखाली होतात, दुसऱ्या टोकाला शांतता. हे शेवटचं असेल तर आधी स्वतःला दोष देऊ नका, आधी कोर्ट तपासा. सुरुवात तिथूनच करायची, कारण त्याला पैसे लागत नाहीत.

सुतळी, चावी आणि खडू

फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, रिंगखालचं नो-चार्ज अर्धवर्तुळ २०१० मध्ये आणलं. त्याआधी रंगवलेल्या कोर्टांवर ते नाही, आणि नंतर रंगवलेल्या कित्येक सिमेंटच्या कोर्टांवरही ते कोणी काढलेलं नसतं. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्ससारख्या ठिकाणी सराव केलेल्या मुलांना त्या रेषेची सवय असते. तीच मुलं कॉलनीच्या कोर्टवर आली की रेष नसते, मग प्रत्येक जण मनातली रेष धरून भांडतो.

सामन्याच्या आधी दहा मिनिटं पुरतात. सुतळीला चावी बांधून रिंगच्या बरोबर मध्यातून खाली सोडा. चावी हलायची थांबली की ती जिथे टेकते तिथे खडूने फुली मारा. नियमाप्रमाणे ही फुली एंडलाइनच्या (रिंगमागच्या सीमारेषेच्या) आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला हवी, पण आपल्याकडे खांब पुढेमागे रोवलेले असतात, म्हणून एंडलाइनवरून मोजत बसू नका, ओळंब्यावर विश्वास ठेवा. फुलीपासून १.२५ मीटर सुतळी ताणून मैदानाच्या बाजूला अर्धवर्तुळ काढा, आणि त्याची दोन्ही टोकं एंडलाइनच्या दिशेने ३७.५ सेंटिमीटर सरळ ओढा. मग दोन्ही कर्णधारांना बोलावून ते दाखवा. रेष ही त्या क्षेत्राचाच भाग आहे, हेही तेव्हाच सांगा.

हे का महत्त्वाचं? चेंडू ताब्यात असलेला खेळाडू हवेत आहे, शॉट किंवा पास करतो आहे, आणि बचाव करणाऱ्याचा एक जरी पाय त्या क्षेत्राला टेकलेला आहे, तर चार्ज देता येत नाही. अपवाद एवढाच, की हल्ला करणाऱ्याने हात, पाय किंवा शरीर बेकायदा वापरलेलं असेल. चार इंचांचा प्रश्न असतो, आणि रेष नसेल तर तो अंदाजाने सोडवावा लागतो.

त्याच फेरीत सूर्य बघून घ्या. कोर्ट पूर्व-पश्चिम असेल तर संध्याकाळच्या सामन्यात एका टोकाला ऊन थेट डोळ्यांत येतं. आयोजकांना सामना अर्धा तास पुढे ढकलायला सांगा. बहुतेक वेळा ऐकतात.

सोबतच्या पंचाशी पाच मिनिटं

दोन पंचांच्या सामन्यात एक लीड, एंडलाइनपाशी, आणि एक ट्रेल, चेंडूच्या मागे. ट्रेलच्या भागातून सुरू झालेली ड्राइव्ह, म्हणजे चेंडू घेऊन रिंगकडे मारलेली मुसंडी, ट्रेलने शेवटपर्यंत धरायची आणि मदतीला धावून येणारा दुसरा बचावपटू लीडने घ्यायचा, एवढं आधीच ठरवा. नाहीतर दोघंही चेंडू नेणाऱ्याकडे बघतात आणि ज्याच्यामुळे धडक होते तो कोणाच्याच नजरेत नसतो.

दोघांची शिट्टी एकदम वाजली तर? दोघांनीही फक्त मूठ वर करायची आणि तिथेच थांबायचं. एकमेकांकडे बघायचं. ज्याच्या भागात खेळ होता त्याने पुढचा इशारा करायचा. घाईघाईने हात कमरेवर नेले आणि पलीकडे मूठ तळहातावर पडली, की दोघांपैकी कोण खरं सांगतोय हे प्रेक्षकांना कधीच पटवता येत नाही.

"मैडम, वो तो हिल रहा था!"

इंदूरच्या कुठल्याही कोर्टवर चार्ज दिला की हे वाक्य येतंच. खेळाडू म्हणतात, पालक म्हणतात, कधी कधी प्रशिक्षकसुद्धा. त्यामुळे नवे पंचही मनात तेच धरून बसतात, की बचाव करणारा पुतळ्यासारखा उभा असेल तरच चार्ज. सगळे निर्णय ब्लॉकचेच होत असतील तर बिघाड इथे आहे.

नियम असा नाही. बचावपटूने आधी लीगल गार्डिंग पोझिशन घ्यायची: समोरच्याकडे तोंड आणि दोन्ही पाय जमिनीवर. ती एकदा मिळाली की तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, सरळ वर उडी मारू शकतो. सरकताना क्षणभर एक किंवा दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले तरी चालतं. मार लागू नये म्हणून स्वतःच्या जागेतल्या जागेत वळला तरी चालतं. चालत नाही ते पुढे येणं, आणि खांदा, कंबर, हात किंवा पाय बाहेर काढून वाट अडवणं. धडक धडावर झाली, तर तो त्या जागी आधी पोहोचला असं धरायचं.

समोरच्याकडे चेंडू असेल तर वेळ आणि अंतर बघायचं नसतं. बचाव करणारा अगदी शेवटच्या क्षणी समोर आला तरी त्याचा हक्क आहे, फक्त धडक होण्याआधी तो तिथे असला पाहिजे. चेंडू नसलेल्या खेळाडूच्या बाबतीत मात्र थांबायला किंवा वळायला जागा द्यावी लागते, निदान एका पावलाची. आणि जो हवेत गेला आहे त्याच्या मार्गात, तो उडाल्यानंतर, कोणीही शिरायचं नाही. हवेतल्या खेळाडूच्या खाली शिरून धडक झाली तर तो साधा ब्लॉक समजून सोडू नका. तो बहुतेक वेळा अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खिलाडूवृत्तीला सोडून केलेला, जास्त गंभीर फाउल असतो.

अर्धवर्तुळाबद्दलही एक गैरसमज आहे, की आत पाय म्हणजे ब्लॉकच. हल्ला करणारा जमिनीवरच असताना छातीत घुसला तर अर्धवर्तुळ त्याला वाचवत नाही. बोर्डाच्या मागच्या बाजूने एंडलाइनलगत येऊन तिरका उडाला, तरीही वाचवत नाही. आणि चेंडू हातातून सुटल्यानंतर चार्ज झाला तर पडलेली बास्केट रद्द होत नाही. नवे पंच चार्ज दिला की हात हलवून गुण पुसून टाकतात. तेवढा एक क्षण थांबून चेंडू आधी सुटला होता का, हे मनाशी नक्की करा.

नजर कुठे आहे?

पाच वर्षांपूर्वी सतरा वर्षांखालच्या मुलांचा एक अंतिम सामना होता, शेवटची दीड मिनिटं, दोन गुणांचा फरक. मी लीड होते. एका मुलाने उजवीकडून ड्राइव्ह मारली, उडाला, बचाव करणारा उताणा पडला, मी चार्ज दिला. बास्केट रद्द झाली, चेंडू समोरच्या संघाला गेला. ज्याच्यावर मी फाउल दिला तो घोटा धरून बसून राहिला होता आणि माझ्याकडे बघत होता. तो काहीच बोलला नाही.

माझ्या दादाने कोपऱ्यातून मोबाइलवर सामना काढला होता. रात्री घरी पोहे खाता खाता तो बघितला. ड्राइव्ह करणाऱ्याचा शेवटचा पाय जमिनीवरून सुटला होता, बुटाचं पुढचं टोकसुद्धा हवेत होता, आणि तेव्हा बचाव करणाऱ्याची उजवी टाच अजून खाली यायची होती. तो पुढे पाऊल टाकत होता, हवेतल्या मुलाच्या बरोबर खाली. फाउल त्याचा होता. मी कोणाकडे बघत होते तेही व्हिडिओत दिसत होतं: माझी हनुवटी वर होती. मी चेंडूकडे बघत होते.

त्या रात्रीपासून मी एकच सवय लावून घेतली आणि तीच सगळ्यांना लावते. ड्राइव्ह सुरू झाली की बचाव करणाऱ्याकडे बघायचं. चेंडू नेणारा काय करणार ते आपल्याला ठाऊकच असतं: तो रिंगकडे जाणार. प्रश्न बचाव करणारा कधी, कुठे पोहोचला हा आहे, त्यामुळे उत्तर त्याच्याच पायांत आणि धडात असतं. आधी पाय बघा: दोन्ही टेकले का, तोंड समोर आहे का. मग नजर छातीवर आणा. धडक छातीवरच्या नंबरावर झाली की बाजूच्या खांद्यावर, कमरेवर? नंबरावर झाली असेल तर चार्जचा विचार करा, खांद्यावर किंवा कमरेवर झाली असेल तर बहुधा तो उशिरा पोहोचला आहे. हल्ला करणारा उडतो त्या क्षणी बचाव करणाऱ्याचा मनात एक फोटो काढून ठेवा. शिट्टीनंतर तुम्हाला तोच फोटो उपयोगी पडतो.

पडण्याकडे बघूच नका. धडक बसली तरी कोणी उभा राहतो, आणि धडक नसतानाही कोणी झोकून देतो. दुसऱ्या प्रकाराला आधी इशारा द्या, पुन्हा केलं तर टेक्निकल फाउल.

पाय कुठे आहेत?

नजर सुधारूनही गोंधळ राहिला तर जागा तपासायची. इथे वेळ लागतो, कारण पायांच्या सवयी लवकर सुटत नाहीत.

घरी एक करून बघा. पाण्याच्या दोन बाटल्या टेबलावर एकामागे एक, मध्ये वीतभर अंतर ठेवून उभ्या करा आणि त्यांच्या रेषेत उभे राहा. अंतर नाहीसं होतं, बाटल्या चिकटलेल्या दिसतात. आता एकच पाऊल बाजूला टाका. फट दिसते. कोर्टवर तुम्हाला हीच फट हवी असते, हल्ला करणारा आणि बचाव करणारा यांच्यामधली. फट बंद कशी झाली हे ज्याला दिसलं, त्याला ती कोणी बंद केली हेही कळतं. रेषेत अडकलेल्या पंचाला फक्त एक पाठ दिसते आणि आवाज ऐकू येतो.

लीडची नेहमीची चूक म्हणजे बरोबर रिंगच्या मागे उभं राहणं. तिथून मदतीला आलेल्या बचावपटूची पाठ दिसते, छाती दिसत नाही. दोन पावलं बाजूला या, शरीर तिरकं करा, रिंगकडे साधारण ४५ अंशांत. दुसरी चूक, फार जवळ येणं. जवळून हात दिसतात, पाय दिसत नाहीत. एंडलाइनपासून मीटरभर तरी मागे राहा. नियमाप्रमाणे कोर्टाभोवती २ मीटर मोकळी जागा असायला हवी, पण कॉलनीत एंडलाइनच्या मागे लगेच भिंत किंवा जाळी असते. मग मागे जाता येत नाही, तर कोपऱ्याकडे रुंद व्हा. अंतर कुठून तरी मिळवायचंच.

ट्रेल बहुतेक वेळा मध्यरेषेपाशी रेंगाळतो. ड्राइव्ह आत गेली की दोन-तीन पावलं तिच्या मागे आत या. आणि चेंडू नेणारा तुमच्यासमोरून उजवीकडे निघाला तर तुम्ही एक पाऊल डावीकडे टाका. मनाला हे उलटं वाटतं, पाय त्याच्याच बाजूने धावायला बघतात, पण त्याच्यासोबत गेलात तर त्याची पाठच तुमच्यासमोर राहते. उलट्या पावलाने फट उघडते.

शेवटची गोष्ट, धडकेच्या वेळी थांबलेले असा. धावता धावता बघितलेलं चित्र हलतं. फास्ट ब्रेकमध्ये, म्हणजे चेंडू मिळताच झालेल्या झटपट हल्ल्यात, नव्या लीडने जोरात पळून एंडलाइन गाठायची, दोन्ही पाय टेकवायचे आणि मग बघायचं. अर्ध्या वाटेवरून दिलेला निर्णय हा अंदाजच असतो.

व्हिडिओ

एवढं करूनही महिनाभरात फरक पडला नाही तर स्वतःचे सामने काढायला कोणाला तरी सांगा. मोबाइल कोपऱ्यात, तिपाईवर, रिंग आणि एंडलाइन दोन्ही चौकटीत येतील असा. फक्त ब्लॉक-चार्जचे तुकडे काढा. प्रत्येक तुकडा आधी खऱ्या वेगाने बघा आणि निर्णय कागदावर लिहा, मगच हळू करून तपासा. थेट हळू बघितलं तर साधी धडकही भयंकर वाटते आणि तुम्ही चुकीचंच शिकता. प्रत्येक तुकड्यापुढे तीन गोष्टी लिहा: मी कुठे उभी होते, कोणाकडे बघत होते, फट दिसत होती का. दहा तुकडे झाले की तुमचा बिघाड पानावर आपोआप दिसेल. फिबाच्या दोन आणि तीन पंचांच्या पद्धतीच्या पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यांतल्या जागांच्या आकृत्यांशी आपलं उभं राहणं ताडून बघा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

दहा तुकडे तपासूनही तुमचा निर्णय आणि व्हिडिओ जुळत नसतील तर एकट्याने दुरुस्ती करत बसू नका. राज्य संघटनेच्या वरिष्ठ, परवानाधारक पंचाला ते तुकडे दाखवा आणि त्यांना एक सामना कोर्टाजवळ बसवा. चुकीची सवय एकट्याने घोटली तर ती पक्की होते.

ट्रेलच्या जागेवरून दिव्यांच्या उजेडात खेळाडूच्या छातीवरचा नंबर वाचता येत नसेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जा. त्यावर सरावाचा उपाय नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये गुडघा दुखतो म्हणून एंडलाइन गाठता येत नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर लहान गटांचे सामने घ्या.

रिंगचा खांब एंडलाइनच्या जवळ असेल आणि त्याला गादी बांधलेली नसेल तर सामना सुरू करू नका. आयोजकांना सांगा, गादी बांधून घ्या, मगच सामना.

आणि धडकेनंतर कोणाचं डोकं जमिनीवर किंवा खांबावर आपटलं, तर ब्लॉक की चार्ज हे नंतर. खेळाडूला वाचवायचं असेल तर पंच खेळ ताबडतोब थांबवू शकतो, चेंडू कोणाकडे आहे ते बघायचं नाही. मुलाला उठवून बसवू नका, मान हलवू नका, डॉक्टरांना बोलवा. तो "ठीक आहे, खेळतो" म्हणाला आणि प्रशिक्षकही तसंच म्हणाले, तरी उलटी होत असेल, चक्कर येत असेल, सामन्याचा स्कोअर आठवत नसेल, तर त्याला खेळवू नका. मोठ्या माणसांपैकी कोणीतरी सतत त्याच्याजवळ राहील हे बघा, आणि त्या दिवशी त्याला परत कोर्टवर येऊ देऊ नका, पुढेही डॉक्टरांनी तपासल्यावरच.